जुळ्या बहिणींची एकच नोंद

इस्पितळाच्या दारातच धाकटीला अडवलं. तिचा कामाचा परवाना रद्द झाला होता, कारण इमिग्रेशनच्या नोंदीप्रमाणे ती देश सोडून गेली होती. वॉर्डात पेशंट खोळंबलेले. ती तशीच नर्सच्या कपड्यांत इमिग्रेशनच्या कचेरीत जाऊन थडकली.

खिडकीतल्या साहेबांनी पडद्यावर बघून सांगितलं, "बाई, तुम्ही गेल्या महिन्यातच मायदेशी गेलात."

"ती माझी थोरली बहीण. आई आजारी आहे म्हणून गेलीय. आम्ही जुळ्या आहोत."

"इथे एकच नोंद आहे."

मग उलगडा झाला. नोंदींचा दर्जा सुधारायची मोहीम निघाली होती. आडनाव, जन्मतारीख, आईबाप आणि पत्ता जुळला, की दुबार समजून एक नोंद उडवायची.

धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला. लहानपणापासून लोक दोघींत गल्लत करायचे, तेव्हा ती हसून सोडून द्यायची. पण यांच्याकडे दोघींच्या बोटांचे ठसे होते. ते उघडून बघायची तसदीसुद्धा कुणी घेतली नव्हती.

साहेबांनी एक अर्ज पुढे सरकवला. "पुन्हा प्रवेश मिळावा म्हणून सही करा. लवकर सुटाल."

"गेलेच नाही, तर परत कुठून येऊ? सही केली की तुमची चूक माझ्या गळ्यात. माझे ठसे ताडून बघा."

"तशी पद्धत नाही."

"माणूस पुसून टाकायची पद्धत आहे, आणि तो समोर उभा असताना बघायची नाही?"

रांगेतला एक म्हातारा सुतार पुढे आला. "साहेब, माझ्या जुळ्या नातींपैकी एकीला शाळेतून काढलंय. तिची नोंदच नाही म्हणतात."

आता अख्खी रांग कान टवकारून ऐकू लागली. साहेब चुळबुळले आणि आतून मोठ्या बाईंना घेऊन आले. ठसे घेतले. जुन्या माहितीत शोधल्यावर धाकटीची उडवलेली नोंद सापडली.

"परवाना आजच चालू होईल," मोठ्या बाई गोड आवाजात म्हणाल्या. "तुमच्यामुळे आमच्या माहितीचा दर्जा सुधारला."

धाकटी जागची हलली नाही. "आणि आजोबांच्या नातीचं?"

"त्यांनी वेगळा अर्ज करावा."

"म्हणजे चूक तुम्ही एका झटक्यात करायची, आणि निस्तरायला एकेका जुळ्याने इथे खेटे घालायचे?"

धाकटीने आजोबांसाठी खुर्ची ओढली, स्वतः शेजारी उभी राहिली आणि इस्पितळात फोन करून सांगितलं, "परवाना मिळाला, पण मला यायला उशीर होईल."