दोन चर्चांतलं एक मूल

रंगाऱ्याच्या हातातून ब्रश पहिल्यांदा सुटला तेव्हा सगळी गल्ली हसली होती. दुकानांच्या पाट्या रंगवणारा माणूस, अक्षर असं की छापखान्यानं लाजावं. आणि औषधांच्या दुकानाच्या पाटीवर शेवटच्या अक्षराला हे लांबलचक शेपूट फुटलेलं. "बाप तसा बेटा," लोक म्हणाले, "सकाळीच लावून आलाय." त्याच्या बायकोलाही तेच वाटलं. तिनं कपाटं उपसली, गादीखाली हात घातले, एकही बाटली सापडली नाही. तरी तिचा विश्वास बसला नाही. चालताना नवरा झोकांड्या खातो, जेवताना ताट उडवतो, आणि म्हणतो प्यायलो नाही. एक दिवस ती माहेरी गेली ती गेलीच.

उरली थोरली बहीण. ती चष्म्यांच्या कारखान्यात भिंगं घासायची, म्हणून गल्लीत तिला भिंगवालीच म्हणत. नवरा वारलेला, एक मुलगी नुकती नोकरीला लागलेली. भावाला दारूचा वाससुद्धा सहन होत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं, कारण दोघं एकाच बापाच्या हाताखाली वाढली होती. बाप छपरांची कामं करायचा. चाळिशी ओलांडली आणि तो एका छपरावरून पडून मेला. पिऊन पडला, असं आई म्हणाली, मुकादम म्हणाला, सगळे म्हणाले. त्या दिवसापासून दोन्ही भावंडांनी बापाचं नाव टाकलं होतं.

भावाला घेऊन ती मोठ्या इस्पितळात गेली. रक्त तपासलं, डोक्याचा फोटो काढला, आणि डॉक्टरीणबाईंनी तिला एकटीला आत बोलावलं.

"हे दारूचं नाही. हा आजार रक्तातून येतो, आई किंवा वडील, दोघांपैकी एकाकडून. हातपाय ताब्यात राहत नाहीत, मग हळूहळू डोकंही. औषध नाही." मग त्या म्हणाल्या, "तुम्हालाही असू शकतो. निम्मी शक्यता. तपासून घेता येईल."

"माझं राहू दे," भिंगवाली म्हणाली. "आला कुठून ते आधी कळू दे."

आई पंचाहत्तरीपर्यंत चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवायची. तिची भावंडंही तशीच खुटखुटीत. बापाचे आईबाप नव्वदीला टेकून गेले, धाकटा काका तेवढा तरणा गेला, पण तो अपघातात. मग हे आलं कुठून?

हा प्रश्न तिच्या एकटीचा राहिला नाही. काकाचा मुलगा, तिचा चुलतभाऊ, बस चालवायचा. बातमी त्याच्या कानावर गेली आणि तो दुसऱ्याच दिवशी दारात उभा राहिला. चेहरा पार उतरलेला.

"ताई, आपल्या घराण्यात आहे का हे? खरं सांग. माझ्या हातात स्टिअरिंग असतं. माझ्यामागे माणसं बसलेली असतात."

"तुला काही होतंय का?"

"झोप होत नाही, एवढंच. हात उशीखाली दाबून पडतो. हलला की वाटतं, आलं." तो कसनुसा हसला. "रजा टाकलीय. साहेबांना सांगितलं पाठ धरलीय म्हणून."

त्याच्यासाठी म्हणा, स्वतःच्या मुलीसाठी म्हणा, भिंगवालीनं पदर खोचला. गावात चर्चं दोन. वरचं टेकडीवर, जुन्या वस्तीचं. खालचं नदीकाठी, वेड्यांच्या इस्पितळाच्या भिंतीला लागून. घराणं वरच्या चर्चचं. तिथल्या कारकूनबाईंनी जाडजूड वह्या काढून दिल्या. बापाचा बाप्तिस्मा लगेच सापडला. आईबापांची नावं बरोबर, पत्ता बरोबर. ती मागे मागे गेली: आजोबा, पणजोबा, त्यांच्या बहिणी. अशा आजारानं तरणंताठं कोणी गेलेलं नाही. कोणी बाळंतपणात, कोणी खाणीत, बाकी सगळी पिकली पानं.

"काही घरच्यांची दफनं खालच्या चर्चला व्हायची," कारकूनबाई म्हणाल्या. "हिवाळ्यात टेकडीची वाट बंद पडली की. तेही बघून घ्या."

खालचे फादर तरुण होते, बोलायला मोकळे. त्यांनी दफनांची वही उघडली आणि थोडी पानं उलटली. मग वही तिच्याकडे फिरवली.

तिच्या बापाचं नाव. बापाच्या आईबापांची नावं. वय पाच महिने.

"ही चूक आहे," ती म्हणाली. "हा माणूस आम्हाला जन्म देऊन, चाळिशी ओलांडून मेला."

"पहिलं मूल गेलं की पुढच्याला तेच नाव ठेवतात कधी कधी."

"मग त्या पुढच्याचा बाप्तिस्मा कुठंय? वरच्या वहीत एकच आहे."

फादरनी आपल्याकडची बाप्तिस्म्यांची वही घेतली आणि त्याच हिवाळ्यातल्या नोंदींवरून बोट फिरवत नेलं. एका ओळीवर बोट थांबलं. मुलगा. आई, इस्पितळातली रुग्ण, पुढे तिचं नाव. बापाची जागा कोरी. या मुलाचं पुढे काहीच नव्हतं, ना लग्न, ना दफन, ना अनाथाश्रमात पाठवल्याची खूण.

"एक मूल मेलं आणि जगत राहिलं," फादर हळू आवाजात म्हणाले. "आणि एक जन्मलं, ते कुठं गेलं ठाऊक नाही. मी काही म्हणत नाही, बाई. तुमच्याकडे कोणी जुनं माणूस आहे का?"

होती. बापाची थोरली बहीण, आत्या. वृद्धाश्रमात खिडकीजवळच्या खाटेवर होती. पाय गेले होते, जीभ शाबूत होती. भिंगवालीनं सगळं सांगितलं तोवर ती खिडकीबाहेर बघत राहिली.

"तुझा भाऊ असाच चालतो का?" तिनं विचारलं. "गुडघे मोडल्यासारखा?"

"हो."

"मग ऐक. आमचं बाळ तापानं गेलं. मी सात वर्षांची होते, मला सगळं आठवतं. त्याला पुरून आलो तरी आई पाळणा हलवायची थांबेना. अन्न नाही, पाणी नाही. बाबा नदीकाठच्या वेड्यांच्या इस्पितळात धोबीखान्यात होते. तिथं एक बाई होती. हात असे नाचायचे तिचे, आपोआप, तोंडही वेडंवाकडं व्हायचं. लोक वेडी म्हणायचे. पण बोलायची अगदी शहाण्यासारखी. तिला मूल झालेलं. कोणाचं ते विचारू नकोस, तिथं कुलपं सगळ्यांना होती, चाव्या थोड्याच जणांकडे. ते पोर अनाथाश्रमात जायचं होतं. बाबांनी ते मोठ्या नर्सला सांगून चादरींच्या टोपलीतून घरी आणलं. आईनं छातीशी धरलं आणि पाळणा थांबला. दुसऱ्या दिवशी ती उठून भाकरीला बसली."

"आणि ती बाई?"

आत्यानं पांघरूण सारखं केलं. "ती रोज धोबीखान्याच्या दाराशी यायची. माझं बाळ कुठंय म्हणून विचारायची. बाबा किती दिवस टाळणार? शेवटी म्हणाले, गेलं तुझं बाळ. तिला पटेना. मग तिला घेऊन गेले आणि आमच्या बाळाची कबर दाखवली. बरोबर मी होते. ती त्या मातीवर पालथी पडली. पुढे तिला रविवारी तेवढं सोडायचे तिथं. मरेपर्यंत यायची. आणि आमची आई त्या कबरीकडे एकदासुद्धा जाऊ शकली नाही. जाणार कशी? तिचं बाळ तर घरात रांगत होतं."

भिंगवालीनं विचारलं, "आमचे बाबा प्यायचे?"

"एक थेंब नाही."

"मग तू कधी बोलली का नाहीस? आम्ही त्यांच्या मयताला रडलोसुद्धा नाही गं."

"काय बोलू? हा प्यायलेला नाही म्हटलं की पुढचं सगळं बोलावं लागलं असतं. आई जिवंत होती." आत्यानं मान वळवून तिच्याकडे रोखून पाहिलं. "आणि आता मला कोर्टात उभं करू नकोस. माझ्या बापानं ते टोपलीतून आणलं नसतं तर तू इथं प्रश्न विचारायला नसतीस."

चुलतभावाला तिनं त्याच संध्याकाळी सांगितलं. आजार कुठून आला ते, आणि त्याच्या अंगात तो असूच शकत नाही तेही. त्यानं तोंड हातांत लपवलं आणि हमसून रडला. मग एकदम सावरला.

"म्हणजे ताई, आपण..."

"रक्ताचं काही नाही आपलं."

"असं कसं? नातं का असं तुटतं?" तो म्हणाला, आणि त्या क्षणी त्याला ते मनापासूनच वाटत होतं. तो कामावर रुजू झाला. आधी आधी बसमधून हात करायचा. मग दर आठवड्याचं येणं महिन्यावर गेलं, पुढे तेही थांबलं. तिनं त्याला बोल लावला नाही. आगीतून सुटलेला माणूस पुन्हा त्या घराकडे बघायला कशाला येईल?

भावाला सांगणं अवघड होतं. तो खुर्चीत बसला होता, एक हात दुसऱ्या हातानं धरून. आजीचं, टोपलीचं, कबरीचं त्यानं नुसतं ऐकून घेतलं. पण बाप पीत नव्हता म्हटल्यावर त्याची मान थरथरत वर आली.

"छपरावर चढायचे," तो अडखळत म्हणाला. शब्द आता त्याच्या तोंडात नीट बसत नव्हते. "असे पाय घेऊन. रोज."

"हो."

"आपल्या पोटासाठी." मग तो खूप वेळ रडला. हात ताब्यात नव्हते, त्यामुळे त्याला डोळेही पुसता येईनात. ते तिनं पुसले.

वेड्यांच्या इस्पितळाच्या मागच्या आवारात ती एकदा जाऊन आली. रुग्णांना तिथंच पुरत. नावं नव्हती, लाकडी खुंट्या होत्या, त्याही बऱ्याचशा कुजून गेलेल्या. त्यातली आजीची कोणती हे सांगणारं कोणी उरलं नव्हतं. ती खालच्या चर्चच्या आवारात त्या लहानग्याच्या कबरीपाशी गेली आणि नुसती उभी राहिली. कबरीवर नाव नव्हतं, वहीत मात्र तिच्या बापाचं होतं. खाली पुरलेलं मूल तिचं कोणीच नव्हतं, आणि तरी त्याच्यासाठी रडलेली दोन्ही माणसं तिची होती.

स्वतःच्या तपासणीला ती मुलीमुळे गेली. "तुझं कळलं तर माझं कळेल," मुलगी म्हणाली, "मला अंधारात नाही जगायचं." निकालाच्या दिवशी डॉक्टरीणबाई हसल्या तेव्हा तिला आधी काही कळलंच नाही. आजार तिच्यात नव्हता. मुलीतही येणार नव्हता. मुलीनं तिला जिन्यातच मिठी मारली.

घरी मात्र ती लगेच गेली नाही. बाजारातून नको असलेल्या भाज्या घेतल्या, कारखान्यात जाऊन उगाच एक मशीन पुसलं. एकाच बापाची दोन लेकरं, नाणं दोनदा उडालं, आणि तिच्या वाट्याची बाजू बरी पडली. हे भावाला कुठल्या तोंडानं सांगायचं?

तो दाराकडेच बघत बसला होता.

"नाही ना?" त्यानंच विचारलं.

तिनं नकारार्थी मान हलवली.

"बरं झालं." शब्द जुळवायला त्याला वेळ लागला. "मला भरवायला एक तरी न थरथरणारा हात लागेल. नाहीतर दोघांचं सूप भिंतीवर."

तिला हसू आलं, आणि ते हसू अर्ध्यातच मोडलं. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. त्याचा चेहरा भिंतीकडे होता, आणि ती जे पाहायला भीत होती ते त्यावर होतंच. आनंद होता, खोटा नव्हता, पण त्याच्या खाली, दाबून ठेवलेलं, दुसरंही होतं. तिनं ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

मग तिनं चुलीवर पातेलं ठेवलं, सूप गरम केलं, त्याच्या गळ्याशी टॉवेल बांधला आणि खुर्ची ओढून समोर बसली. पहिला चमचा त्याच्या दातांवर आपटला. तिनं थोडं थांबून, त्याचं डोकं डाव्या हातानं धरून दुसरा पुढे केला.