मिठू लाइव्ह

शाळा सुटल्यावर मिठूला सांभाळायला घरी कोणी नसायचं. आई इस्पितळात नर्स, तिच्या ड्यूटीचा काही नेम नाही. म्हणून सहा वर्षांची मिठू दुपारभर बाबांच्या सलूनमध्ये, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायची. नाव मिठू पडलं ते बडबडीमुळे. गिऱ्हाइकाच्या गळ्याला वस्तरा लागला, की हिचा प्रश्न ठरलेला. "बाबा, टक्कल पडलं की डोकं हलकं होतं का?" गिऱ्हाईक हसायचं, मान हलायची आणि सलूनवाला झटकन वस्तरा उचलायचा. एकदा एकाच्या कानामागे कापलंच. त्या दिवशी त्याने आपला जुना फोन तिच्या हातात ठेवला. मिठू गप्प झाली, त्याला हायसं वाटलं.

पुढेपुढे ती फोनशी कुजबुजायला लागली. बाहुल्यांशी बोलतात तसं काहीतरी असेल, म्हणून त्याने लक्ष दिलं नाही.

एके दिवशी विमावाले आले. ते विमा कंपनीत होते, म्हणून सगळे त्यांना विमावालेच म्हणत. एरवी सुट्टीच्या दिवशी यायचे, आज भर दुपारी आले. साबण लावून झाला तसे अचानक आरशात बघत म्हणाले, "भाऊ, कुणाला सांगू नका. माझी नोकरी गेली."

"काय सांगता! कधी?"

"झाले काही महिने. घरी माहीत नाही. रोज सकाळी डबा घेऊन निघतो, बागेत बसतो, संध्याकाळी परत जातो. बायको विचारते, आज फार दमलात का? काय सांगू तिला?"

सलूनवाल्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. दाढी झाल्यावर विमावाले तोंड पुसून निघून गेले.

ते कोपऱ्यावरून वळले असतील नसतील, शेजारच्या दुकानातली औषधवाली ताई धावत आली. "अहो भाऊ, तुमचं दुकान फोनवर दिसतंय! माझ्या भाचीने पाठवलं. हे बघा."

त्याने बघितलं. आरसा, खुर्ची, त्याची स्वतःची पाठ. आणि आरशात विमावाल्यांचा साबण लावलेला चेहरा. "माझी नोकरी गेली." शब्दन् शब्द ऐकू येत होता. खालून लाल बदामांचा नुसता फवारा उडत होता.

तो गर्रकन कोपऱ्याकडे वळला. "मिठू! हे काय केलंस?"

"लाइव्ह केलं," मिठू अभिमानाने म्हणाली. "सगळे बघतात. तुम्ही पण छान दिसता, बाबा."

"काढ ते! आत्ताच्या आत्ता काढ!"

तिने दोनदा अंगठा फिरवला. "गेलं. पण ज्यांनी बघितलं, त्यांनी बघितलंच ना?"

त्याने ताईला दुकानाकडे लक्ष ठेवायला सांगितलं, मिठूला बखोटीला धरलं आणि तो बागेकडे निघाला. पाय धड चालतही नव्हते आणि धड पळतही नव्हते. त्यांच्या बायकोने बघितलं असेल का? ओळखीच्या कुणी बघून तिला फोन केला असेल का? आणि विमावाल्यांना सांगायचं तरी कुठल्या तोंडाने?

मिठू फरफटत मागून येत होती. "बाबा, हळू ना. काका रागावतील आता."

"रागावणारच! भरवशाने सांगितलं होतं त्यांनी."

"ते काका नाही हो. माझे काका. फोनमधले."

तो रस्त्यातच थांबला. मागून येणारा सायकलवाला शिव्या देत बाजूने गेला.

"कोण फोनमधले काका?"

"रोज बोलतात की. मला वाचता येत नाही ना, म्हणून आवाज पाठवतात." आणि तिने बटण दाबून ऐकवलंसुद्धा.

आवाज मऊ होता. घाई नाही, काही नाही. "मिठूराणी, आज आई घरी आहे का? शाळेतून कोण आणतं तुला? बाहेरची पाटी दाखव ना एकदा."

"मग?" त्याने तिच्या हातातून फोन घेतला.

"मग दाखवली."

विमावाले बागेत भेटले. बाकावर बसून डबा खात होते. सलूनवाल्याने धापा टाकत सगळं सांगितलं, मिठूचं, ताईच्या भाचीचं. विमावाल्यांनी डब्याचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. त्याला वाटलं, आता हे थोबाडीत मारतील. पण त्यांनी वर बघितलं आणि विचारलं, "तुम्ही एवढे पांढरे का पडलात? नोकरी माझी गेली आहे."

तेव्हा त्याने तो आवाज ऐकवला.

विमावाले उठून उभे राहिले. "आधी पोलिसात चला. मी येतो. बायकोला तिथून घरी जाऊन सांगतो, कुणी सांगायच्या आत."

पोलिसांनी फोन ठेवून घेतला. तो माणूस कुठला, कोण, शोधतो म्हणाले. मिठूची आई ड्यूटी अर्धी टाकून आली आणि तिने आधी मिठूला उचलून घेतलं. मिठू मात्र फोन गेला म्हणून भोकाड पसरून रडत होती. "माझे काका वाट बघतील!" ते ऐकून आईने तिला इतकं घट्ट धरलं, की पोर आणखीच ओरडायला लागली.

पुढच्या सुट्टीला विमावाले दाढीला आले. "सांगितलं," म्हणाले. "ती रडली. मग म्हणाली, बागेत एकटे बसत होतात, मलाही न्यायचं होतंत."

तो माणूस काही सापडला नाही. दुकानाची पाटी बदलून काय होणार होतं? मिठू पुन्हा बडबडायला लागली, आता तिला कोणी गप्प करत नव्हतं. सलूनवाल्याचे कान मात्र सतत ताणलेले. दार वाजलं की मान वळायची. नवं गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, की आधी त्याला बोलतं करायचा. काय कापू, कसं कापू, कुठून आलात. आवाज ऐकल्याशिवाय कात्री उचलवत नसे.

एका दुपारी एक अनोळखी माणूस आला. सर्दीने नाक लाल, घसा बसलेला; दाढी करा, एवढंच घोगऱ्या आवाजात म्हणाला. वस्तरा गालावर असताना त्याने आरशातून कोपऱ्याकडे बघितलं.

"तुमची का ही? गोड आहे. कितवीत जाते?"

वस्तरा जागच्या जागी थांबला. सलूनवाल्याने मिठूकडे बघितलं. ती स्टुलावर पाय हलवत खडूने पाटीवर मांजर काढत होती. तिने मानसुद्धा वर केली नाही. पण सर्दी झाली की आवाज बदलतो.

"पहिलीत," मिठूच म्हणाली. "बाबा, याला शेपूट कुठून काढू?"

"काढ गं कुठूनही," तो म्हणाला, आणि त्या माणसाची हनुवटी दोन बोटांनी हळूच वर केली. "बोला ना साहेब. आणखी बोला."

माणूस दचकून हसला. "काय बोलू?"

"काहीही," सलूनवाला म्हणाला. "मी ऐकतोय."