बेरिलचे काळे टोमॅटो

‘शुक्रवारची बाग’ हा बागकामाचा कार्यक्रम लागला की शेफील्डची बेरिल टीव्हीशी भांडायला बसायची. त्या शुक्रवारी निवेदिका रोवेना म्हणाली, प्रेक्षकांनी फोन करून मत सांगावं. बेरिलने खरंच फोन लावला.

“कार्यक्रम छान आहे, पण तुमच्या बागेत कधी काही मरत कसं नाही? माझी ल्युपिनची फुलझाडं गोगलगायींनी फस्त केली, टोमॅटो काळे पडले. तुम्हाला बघून वाटतं, माझ्याच हाताला गुण नाही.”

“झालं,” नवरा हेडली सोफ्यावरून म्हणाला, “आता आपला टीव्ही काढून नेतील.”

मंगळवारी फोन आला. स्वतः रोवेना बोलत होती. “ते मेलेलं सगळं अजून आहे ना? उपटू नका. आम्ही येतोय.”

बेरिल तशीच परसात धावली. हेडली नेमका टोमॅटोची रोपं उपटायला वाकला होता.

“हात लावू नकोस! टीव्हीवर जायचेत ते.”

शेजारच्या पॉलीनने भिंतीवरून डोकं काढलं. तिच्या डेलियांना दरवर्षी बक्षीस मिळायचं. “अगं, हे दाखवणार जगाला? माझ्या दोन कुंड्या ने. गल्लीची अब्रू जाईल.”

बेरिलला क्षणभर मोह झाला. “नको गं. मग फोन कशाला केला मी?”

चित्रीकरणाच्या दिवशी बेरिलने सगळ्यांना थेट परसात नेलं. रोवेना चिखलात उकिडवी बसली, काळा टोमॅटो हातात घेऊन हसली. “माझेही असेच गेले. कॅमेरा यायच्या आत आम्ही उचलून टाकतो, एवढंच.”

प्रसारणाला पॉलीन सॉसेज रोल घेऊन आली. परस दिसलं तेव्हा बेरिलने हेडलीचा दंड घट्ट धरला. मग मतं आली. बाथ शहरातले एक गृहस्थ म्हणाले, कुजकी पानं बघायला आम्ही टीव्ही लावत नाही. बेरिलचा चेहरा पडला. पण पाठोपाठ कार्लाइलच्या एका बाईंचा आवाज आला, “माझेही टोमॅटो सगळे मेले. आज पहिल्यांदा बरं वाटलं.” आणि मग फोनमागून फोन. कुणाचा गुलाब, कुणाची काकडी. रोवेनाला एकेक फोन घेताना दम लागला.

“बघ,” बेरिल उभीच राहिली, “बघ, किती जण आहेत.”

पॉलीनने बशी खाली ठेवली. “चल माझ्याकडे. शेडमागे मेलेलं काय काय टाकलंय, दाखवते.”

बाहेर अजून ऊन होतं. हेडलीही रोल चघळत मागोमाग निघाला.