चाटणाची माती

पाहुणगृहाच्या भिंतीवर आपल्या शोधनिबंधाची पाने चौकटीत टांगलेली पाहून प्राणिशास्त्राच्या प्राध्यापिका क्षणभर सुखावल्या. विद्वानांचा अहंकार स्वस्तात पोसला जातो. मग त्यांनी खालची ओळ वाचली: 'शास्त्रशुद्ध हमी! हरिण येणारच.'

वडिलोपार्जित घराचे पाहुणगृह केले होते त्यांच्या धाकट्या भावाने. रानाच्या कडेला हरणांसाठी खनिजांचे चाटण मांडले होते ते मात्र बाईंनीच. पाडसांना पाजताना माद्यांची हाडे झिजतात, नरांना दरवर्षी नवी शिंगे घडवावी लागतात, आणि या रानातल्या चाऱ्यात मीठ नि चुना नावालाच. म्हणून चाटण-विटा. आता त्या विटांसमोर, बंदुकीच्या टप्प्यात, गाद्या-उशा घातलेले मचाण दिमाखात उभे होते.

"ताई, शिकारीचा परवाना आहे," भाऊ म्हणाला. "चोरी थोडीच करतोय?"

"पंगतीला बोलावून गळा कापायचा परवाना कोण देतं रे?"

"पाहुण्यांना पायपीट नको असते. हरणं इथे येतात, हे तूच लिहिलंस ना?"

"का येतात, तेही लिहिलंय. त्या पानाला चौकट मिळाली नाही वाटतं!"

त्यांनी विटा उचलल्या. भाऊ हसला.

"ने की खुशाल. मीठ मातीत मुरलंय. वीट नसली तरी हरणं वर्षानुवर्षं ती मातीच खायला येतात. चौथं पान. वाचलंय मी."

वाचले होते! जन्मभर लिहून इतका मन लावून वाचणारा एकच वाचक लाभावा, आणि तो पाठच्या भावाच्या रूपातला खाटीक निघावा. मात्र बहुतेक वाचकांप्रमाणे तोही शेवटच्या पानापर्यंत पोहोचला नव्हता. माती हलवली की चाटणही हलते, हे तिथे होते.

भाऊ पाहुणे आणायला शहरात गेला, तेव्हा बाईंनी खोदयंत्र आणि ट्रॅक्टर बोलावला. चाटणाखालची माती खोलवर खरवडून ट्रॉलीत भरली, खड्डा दगडांनी बुजवला. ती माती ओतली पाहुणगृहाच्या अंगणात, स्वतःच्या वाट्याच्या अर्ध्या भागात, थेट जेवणघराच्या खिडकीखाली. वर विटा ठेवल्या.

"हा काय उकिरडा मांडलायस दारात?" परतलेला भाऊ कडाडला.

"हमी," बाई म्हणाल्या. "हरिण येणारच."

काही दिवस मचाणावरचे पाहुणे दगड न्याहाळत बसले. मग एका सकाळी ते न्याहारी करत असताना कुंपणाच्या फटीतून एक मादी पाडसासह अंगणात आली. वाटेत तिने भावाची गुलाबाची झाडे चाखली आणि शांतपणे मातीला जीभ लावली. एका पाहुण्याने चमचा टाकून बंदूक उचलली.

"अहो, खाली करा ती!" भाऊ हातातल्या किटलीसकट धावला आणि त्याने चक्क खिडकी अडवली. "राहत्या घराच्या आवारात गोळी चालत नाही! परवाना जाईल माझा!"

मादीने मान वर करून आपल्या या नव्या संरक्षकाकडे पाहिले आणि पुन्हा माती चाटू लागली.