आकड्यांवरची उडी

"तू स्वतः उडी मारून दाखव ना, अरुणा. तुझं बघूनच मुलं शिकणार," फिओना म्हणाली.

शाळेच्या हॉलमध्ये जमिनीवर उणे दहापासून दहापर्यंतची कार्डं ओळीने चिकटवली होती. ताटाएवढी मोठी, चकचकीत, फिओनानेच लॅमिनेट करून आणलेली. अरुणा शून्यापाशी उभी होती आणि तिचा पाय काही पुढे जात नव्हता. शेवटी ती कार्डांच्या कडेकडेने चार पावलं चालली.

"कडेने नाही, कार्डावर," फिओना म्हणाली. ही तिची मेंटॉर. वयाने मुलीसारखी, पण मनाने चांगली. "आज मिस्टर हॉलंड येणार आहेत, लक्षात आहे ना?"

लक्षात नसायला काय झालं. अरुणा टिळेकर साताऱ्याला अठरा वर्षं गणित शिकवून आली होती, पण लंडनमधल्या हॅरोच्या या शाळेत ती अजून 'अनक्वालिफाइड'च होती. परदेशात शिकलेल्या शिक्षकांनी चार वर्षांत इथली पात्रता मिळवायची, असा त्या काळी नियम होता आणि तिचं चौथं वर्ष संपत आलं होतं. मागच्या खेपेला तिचा धडा तपासायला आलेल्या हॉलंडसाहेबांनी लिहिलं होतं की शिक्षिका फार बोलते, मुलं खुर्च्यांना चिकटून बसतात, धड्यात कल्पकता नाही. आजही तसंच लिहिलं तर जुलैनंतर वर्ग मिळणार नव्हता. मग सुपरमार्केटात गल्ल्यावर बसायचं आणि कुणी विचारलं तर सांगायचं की पूर्वी शिकवत होते.

सकाळी चहा घेताना नवऱ्याने, श्रीनिवासने, तिची समजूत काढली होती. "अगं, प्लॅस्टिक आहे ते. त्यात सरस्वती कुठे येऊन बसलीय?"

"अहो, मला कळतं. पायाला कळत नाही ना."

तिच्या माहेरी वहीला, पुस्तकाला, रद्दीतल्या कागदालासुद्धा पाय लागला तर वाकून हात लावायचा आणि तो कपाळाला टेकवायचा. कुणी शिकवल्याचं तिला आठवत नव्हतं. शिंक आल्यावर तोंडावर हात जावा तसं ते आपोआप व्हायचं, आणि आज नेमकं तेच व्हायला नको होतं.

दुसऱ्या तासाला इयर फाइव्हची, नऊ-दहा वर्षांची मुलं हॉलमध्ये आली. हॉलंड भिंतीपाशी खुर्ची घेऊन बसले, मांडीवर पॅड. अरुणाने दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले, समोरच्या खिडकीकडे पाहिलं आणि उडी मारली. तीनवर उभं राहून ती पाच उड्या मागे गेली आणि उणे दोनवर थांबली. हात पाठीमागेच राहिले.

मग मुलांची पाळी आली. जेड नावाच्या मुलीला तिनातून पाच कसे वजा करायचे ते वर्षभरात कळलं नव्हतं. ती उड्या मारत मागे गेली आणि मध्येच थांबून ओरडली, "मिस, मी शून्याच्या पलीकडे आले!" खोटं कशाला बोला, अरुणाला मनापासून आनंद झाला. साताऱ्याच्या तिच्या वर्गात वजाबाकी करताना कुणी असं हसलं नव्हतं. हॉलंडचं पेन भराभर चाललं होतं. होतंय, जमतंय, असं ती मनाशी म्हणाली.

जेडच्या मागे अक्षरा होती. आईवडील पुण्याचे, पोरगी मात्र इथलीच. तिची आजी सहा महिन्यांसाठी आलेली. अक्षराने दोनवर उडी मारली, वाकली, कार्डाला हात लावला आणि कपाळाला टेकवला. मग एकवर. पुन्हा वाकली. मागची रांग थांबली. कुणीतरी खुसखुसलं. मग जेडनेही तसंच केलं, तिच्या मागच्यानेही, आणि बघता बघता सगळी रांग आकड्यांना नमस्कार करू लागली. गणित राहिलं बाजूला.

हॉलंड उठून अरुणाजवळ आले. "यातून ती काय शिकतायत, मिसेस टिळेकर?"

याचं उत्तर तिला येत होतं. चार वर्षांत इथे कुणी पहिल्यांदाच तिला असं काही विचारलं होतं ज्याचं उत्तर तिला पाठ करावं लागलं नव्हतं. पण तिला त्या पॅडवर नुकतंच उलटलेलं कोरं पान दिसत होतं, आणि तिची घाबरगुंडी उडाली.

"काही नाही," ती म्हणाली. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, इंग्रजीत, "अक्षरा, पुरे हा वेडेपणा. इथे असलं काही करायचं नसतं. नुसती उडी मार."

अक्षराचे कान लाल झाले. ती मराठीत हळूच म्हणाली, "पण मिस, आजी सांगते, नंबरला पाय लागली तर..."

"अक्षरा. जंप."

अक्षराने उडी मारली. मागची रांगही सरळ झाली, आणि धडा वेळेत संपला.

अरुणा पास झाली. हॉलंडनी हात मिळवला. मुलं अंग हलवून शिकली, धड्याला वेग होता, आणि मध्येच आलेला व्यत्यय आपण फार चांगला हाताळलात, असं म्हणाले. फिओनाने तिला मिठीच मारली. श्रीनिवासला फोन केला तर तो म्हणाला, "बघ, उगीच घाबरत होतीस." ती नुसतं "हं" म्हणाली. ज्याच्यासाठी जीव टांगणीला लागला होता ते हातात आलं होतं आणि तिला रडावंसं वाटत होतं.

लंचसाठी टेबलं लावायच्या आत हॉल मोकळा करून द्यायचा होता. ती गुडघे टेकून कार्डं सोडवायला बसणार, तेवढ्यात अक्षरा राहिलेलं कार्डिगन घ्यायला आली. कार्डिगन पलीकडच्या खुर्चीवर होतं. बाजूने जायला हवी तेवढी जागा असताना ती ओळीवरूनच गेली, दोन्ही पायांनी, प्रत्येक आकड्यावर दणकन आपटत. शून्यावर थांबून तिने मान वळवली.

"बघा मिस. मी एकपण नमस्कार नाही केली."

ती कौतुकाची वाट बघत होती.

"छान," अरुणा म्हणाली.

"मी आजीला पण सांगणार. दॅट इट्स नॉट अलाउड."

कार्डिगन कमरेला बांधून अक्षरा पळाली.

अरुणाने शून्य सोडवलं. त्यावर छोट्या बुटाचा ठसा उमटला होता. तिने तो बाहीने पुसला, दाराकडे नजर टाकली, कुणी नाही हे बघून घेतलं आणि मग कार्ड कपाळाला लावलं.