ताईच्या वितीचा चौक

आमच्या घरात मुलीच्या हळदीचा चौक कृष्णाआत्याच काढायची. सारवलेल्या अंगणात तांदळाच्या पिठाचा चौक, त्यावर पाट, पाटावर नवरी. विनिताताईच्या हळदीला दोन दिवस उरले असताना आत्या ओट्यावरून पडली आणि तिचा उजवा हात प्लास्टरात गेला. चुलतभाऊ निकेत लगेच म्हणाला, पनवेलहून चौकाचा फ्लेक्स छापून आणतो, अंथरला की झालं. आत्या पदर तोंडाला लावून आत निघून गेली. माझं डोकंच सणकलं.

मी डिप्लोमाला कॉम्प्युटर शिकते. कोड लिहून नक्ष्या काढते. पडद्यावर एक छोटं कासव असतं. इतकं पुढे जा, इतकं वळ, असं त्याला सांगितलं की ते चालत जातं आणि मागे रेघ उमटते. सगळ्यांच्या देखत मी सांगून बसले, चौक मी काढेन, पिठाचाच, आणि आजवर झाला नाही एवढा मोठा.

"तुजा कासव पीठ सांडनार काय?" निकेत हसला आणि फ्लेक्सची ऑर्डर देऊनच आला.

दुसऱ्या दिवशी नक्षी तयार झाली. आठ पाकळ्यांचं फूल. एका पाकळीचा कोड, तोच आठदा फिरवायचा. पडद्यावर कासव एकटं पुरतं, अंगणात माणसं लागतात. म्हणून हळदीच्या दुपारी मी काकी, वहिनी, शेजारणी अशा सात जणी गोळा केल्या आणि गोल बसवल्या. आठवी पाकळी माझी. वळायच्या कोनासाठी सगळ्यांना पुठ्ठ्याचे सारखे तुकडे कापून दिले. लांबी आमच्याकडे वितीनेच सांगतात, म्हणून मीही बिनधास्त सांगितलं, एक वीत रेघ ओढा, पुठ्ठा लावून वळा, पुन्हा एक वीत.

थोड्या वेळाने बघते तर साक्षीवहिनीची पाकळी वाटीएवढी आणि केसरकाकीची सुपाएवढी. एकीचं टोक दुसरीच्या टोकाला भेटेना. तेवढ्यात फोन आला की नवऱ्याकडची माणसं उष्टी हळद घेऊन रेवसहून निघाली, दोन तासांत पोचतील. निकेतने फ्लेक्सची गुंडाळी आणून ओट्याला टेकवून ठेवली, अगदी माझ्या नाकासमोर.

मी लॅपटॉप उघडून कोड पुन्हा वाचला. कोड बरोबर होता, त्यामुळे आणखीच संताप आला. मग दिसलं. कोडात वीत वरच्या ओळीत एकदाच लिहिली होती, सगळ्या पाकळ्यांना तीच. अंगणात मात्र जितक्या बायका तितक्या विती.

ताईला हाताला धरून बाहेर आणलं. तिला पंजा पसरायला लावला, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत माप घेतलं आणि नारळाच्या झापाचे हीर, म्हणजे पातीतल्या ताठ काड्या, त्या मापाने तोडून एकेकीच्या हातात दिले. आता सगळ्यांची वीत एकच, नवरीची. आधीचं पीठ झाडलं, वर शेणाचा हात फिरवला. उन्हात अंगण सुकलं तशा सगळ्या पुन्हा बसल्या.

या वेळी टोकं भेटत गेली. सात पाकळ्या झाल्या. मी आठवीसाठी वाकणार, तोच मागून आत्याचा आवाज आला.

"प्राप्ती, मना पन एक हीर दे."

"डाव्या हातान जमंल?"

"माप हिरान हाय. हातान थोडंच हाय?"

मी माझा हीर तिला दिला. ती खाली बसली. प्लास्टरचा हात मांडीवर ठेवून डाव्या हाताच्या चिमटीतून पीठ सोडू लागली. रेघ थोडी थरथरली, पण वळली तिथे वळली आणि केसरकाकीच्या टोकाला नेमकी जाऊन मिळाली. लग्नाची गाणी म्हणायला आलेल्या धवलारणीने लगेच गाणं धरलं. माझा ऊर असा भरून आला की परीक्षेत पहिली आले असते तरी तेवढा आला नसता.

नवऱ्याकडची माणसं आली ती चौकाभोवती मोबाईल काढूनच उभी राहिली. त्यांच्यातल्या एका म्हातारीने विचारलं, चौक कोणी काढला?

आत्याने पिठाने भरलेला डावा हात वर केला. "आमी," ती म्हणाली, आणि तोच हात माझ्या डोक्यावर ठेवला.

फ्लेक्स आचाऱ्याने चुलीला वाऱ्याचा आडोसा म्हणून बांधला. निकेतनेच धरून दिला.