सहा तास राखीव

आमच्या घरात सहलीला सहल म्हणत नाहीत, दौरा म्हणतात. आमचे हे, म्हणजे केशवराव, पंचायत समितीत एकतीस वर्षं नोकरीला होते आणि त्यातली बावीस वर्षं त्यांनी साहेबांचे दौरा कार्यक्रम लिहिले. सकाळी ९.१० आगमन, ९.१५ स्वागत, ९.२५ पाहणी, ९.४० प्रयाण. साहेब बदलले, सरकारं बदलली, पण ह्यांचं ९.४० चं प्रयाण कधी चुकलं नाही. निवृत्त झाल्यावर साहेब उरला नाही, तेव्हा साहेबाच्या जागी मी आले. फरक एवढाच की साहेबाला गाडी असायची आणि माझ्या हातात दशम्यांची पिशवी.

म्हैसूरचा राजवाडा मी पस्तीस मिनिटांत पाहिला, त्यातली दहा चपला ठेवण्यात गेली. पुरीचा समुद्र चाळीस मिनिटं पाहिला. दौरा कार्यक्रमात एक फार सुंदर शब्द असतो, 'राखीव'. त्या वेळात साहेबांना कोणी काही विचारायचं नाही. साहेब झोपतील, जेवतील, नाहीतर नुसते छताकडे बघत पडतील. आमच्या दौऱ्यांत हा शब्द एकदाच आला, उज्जैनला, ह्यांचं पोट बिघडलं तेव्हा. तीही वेळ मला मिळाली नाही, कारण जिरे-ओव्याचं पाणी मीच करत होते.

आता माझी गोष्ट. मी भूगोलाची शिक्षिका. वर्ध्याहून रोज एसटीनं अल्लीपूरला जायचे आणि तिथल्या एका शाळेत सातवीला भरती-ओहोटी शिकवायचे. चंद्र काढायचा, पृथ्वी काढायची, पाण्याला दोन्हीकडून फुगवायचं. एक वर्षी कैलास नावाच्या मुलानं उभं राहून विचारलं, मॅडम, तुम्ही हे पाह्यलं काय? पन्नास डोळे माझ्याकडे लागले होते. मी म्हणाले, हो तर, कितीदा. तोवर मी धाम नदीच्या पुरापलीकडे पाणी चढताना पाहिलं नव्हतं.

सहामाहीत प्रश्न आला, भरती-ओहोटीची कारणे लिहा. कैलासनं तीन लिहिली. एक, चंद्राचे आकर्षण. दोन, सूर्याचे आकर्षण. तीन, आमच्या मॅडमनी ती स्वतः पाहिली आहे. मी तिसऱ्यावर लाल काट मारली आणि एक मार्क कापला. कारण पुस्तकात नाही, असं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे ते वाक्य माझ्याच्यानं वाचवत नव्हतं.

या गोष्टीला तेवीस वर्षं झाली. कैलास आता स्वतःच्या वावरातला भाजीपाला आणून वर्ध्याच्या बाजारात बसतो. मी गेले की सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, एक जुडी जास्तीची टाकतो आणि शेजारच्या गिऱ्हाइकाला सांगतो, ह्या आमच्या मॅडम, यांनी समुद्र चढतानी पाह्यला. इथवर मी निभावलं होतं. पण यंदा त्याची मुलगी अंकिता सातवीत गेली आणि त्यानं हट्टच धरला, मॅडम, एकदा घरी येऊन तिले सांगा, कसं दिसते ते. तेव्हापासून मी त्याच्या ओळीत जाणं सोडलं. महिनाभर आम्ही दुसऱ्या टोकाची कीडकी वांगी खाल्ली, आणि एका रविवारी वांगं चिरताना मी ठरवलं की झालं तेवढं पुरे. समुद्राकाठी बसायचं, ओहोटीपासून भरतीपर्यंत, सहा तास, एका जागी. मग कैलासला तोंड दाखवायचं.

शेजारच्या हर्षानं लगेच वाट दाखवली. नागपूरची एक यात्रा कंपनी कोकणात नेत होती, सात दिवस, चहापासून चादरीपर्यंत सगळं त्यांचं. हर्षा तिच्या नवऱ्याबरोबर दरवर्षी अशी जाते, यंदाही जाणारच होती, आणि परत आल्यावर फक्त जेवणाबद्दल बोलते. पुण्याहून मिहिरनं, आमच्या मुलानं, फोनवर कंपनीलाच मत दिलं. ह्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "दुसऱ्याच्या शिट्टीवर उठनं-बसनं आपल्याले जमत नाई."

तरी कंपनीच्या माहिती-सभेला आम्ही गेलो, कारण तिथे चिवडा होता. टाय लावलेला एक मुलगा पडद्यावर चित्रं दाखवत होता. समुद्रकिनारा, पंचेचाळीस मिनिटं, त्यात फोटो, नारळपाणी आणि प्रसाधनगृह. मी हात वर करून विचारलं, एका किनाऱ्यावर सहा तास थांबता येईल का? सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मुलगा फार नम्र होता. म्हणाला, "काकू, सहा तास एका जागी आमची गाडी बंद पडली तरच थांबते."

ह्यांचा चेहरा असा फुलला की चिवड्याची दुसरी प्लेट घेऊन आले. घरी येऊन कपाटातला कार्बन पेपर काढला. मी फक्त तारखेचं सांगितलं. मोठी भरती पाहायची तर अमावास्येच्या आसपास जायला हवं. हर्षाला हे कळल्यावर तिनं कपाळालाच हात लावला. अमावास्या शोधून प्रवासाला निघणारी बाई तिनं पाहिली नव्हती. शेवटी पौर्णिमेवर तोड निघाली. भरतीला दोन्ही सारख्याच, आणि ह्यांच्याही जिवाला घोर नाही.

तिसऱ्या दिवशी कार्यक्रम तयार झाला, तीन प्रतींत. मी बोट फिरवत वाचत गेले. वर्ध्याहून पुणे, पुण्याहून एसटीनं दापोली, तिथून पुढच्या एका लहान गावी आगमन व मुक्काम. दुसऱ्या दिवशी सकाळी ७.१० समुद्र दर्शन. ७.५० न्याहारी. ८.३० किल्ल्याकडे प्रयाण.

"सहा तास म्हणाली होती मी," मी म्हटलं.

"अवं, चाळीस मिनिटांत समुद्र दिसत नाई काय? केवढा मोठा असते तो."

मला हसू आलं आणि त्याहून जास्त राग आला. कंपनी पंचेचाळीस मिनिटं देत होती आणि माझा स्वतःचा नवरा चाळीस. शिट्टी तिकडेही होती, इकडेही होती. इकडे ती बावीस वर्षांच्या सवयीची होती. मी पिशवी भरली आणि या खेपेला दशम्या केल्या नाहीत. गाडीत बसल्यावर बडनेऱ्याला ह्यांना ते कळलं.

पौर्णिमेनंतरच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता आम्ही किनाऱ्यावर होतो. ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या काकांना मी रात्री जेवतानाच विचारून ठेवलं होतं. ओहोटी सातच्या सुमाराला, भरती सव्वा वाजता. पाणी इतकं आत गेलेलं होतं की नुसती ओली वाळू पसरली होती. मी सुरूच्या झाडाखाली चटई टाकली. पाण्याच्या कडेला जाऊन वाळूत एक काटकी रोवली, परत आले आणि बसले.

सात पन्नासला ह्यांनी घड्याळ दाखवलं. मी बसूनच होते. आठला पुन्हा दाखवलं. मग मी म्हणाले, "तुम्ही जा किल्ल्यावर. मी सव्वा वाजेपर्यंत इथून उठत नाई."

"रिक्षा सांगतली आहे. कार्यक्रम ठरला आहे."

"मंग कार्यक्रमाले घेऊन जा."

आणि ते खरंच गेले. ठरलेला दौरा रद्द करायचा तर वरची सही लागते, अशी त्यांची रीत. रिक्षाचा आवाज विरला आणि मी पिशवी जवळ ओढून घेतली. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, शाळा सोडली तर परगावी मी एकटी अशी पहिल्यांदाच बसले होते. मग हळूहळू फार बरं वाटायला लागलं. कोणी भाजी काय करू विचारत नव्हतं, कोणी चष्मा कुठे आहे विचारत नव्हतं. मी पाण्याकडे बघत होते. अर्धा तास तर काहीच होईना. आपण सातवीच्या पोरांना उगाच इतकी वर्षं छळलं की काय, असंही वाटून गेलं. मग एकदा डोळे चोळून पाहिलं तर माझी काटकी पाण्यात उभी होती. पाणी चढताना दिसतच नाही, चढलेलं दिसतं. हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. मी उठले आणि दुसरी काटकी रोवली.

दहा वाजता नारिंगी टोप्यांची एक बस आली. कंपनीचीच. हर्षानं मला ओळखलं, धावत आली आणि धपकन चटईवर बसली. टोपी काढून तिनं आधी वारा घेतला. मग म्हणाली, चार दिवसांत बसच्या बाहेर आताच टेकले बघ. मी तिला काटक्या दाखवल्या. तिलाही नाद लागला; तिसरी काटकी तिनं रोवली आणि ती बुडेपर्यंत थांबते म्हणाली. तेवढ्यात शिट्टी झाली. हर्षा उठली, तिची टोपी माझ्या डोक्यावर ठेवली, ऊन वाढून राह्यलं म्हणाली, आणि मागे वळून बघत बघत गेली. काटकी बुडाल्यावर फोन करजो, एवढं बसच्या दारातून ओरडली.

साडेअकराला आमचे हे परत आले. लांबूनच माझ्या डोक्यावरची नारिंगी टोपी त्यांना दिसली आणि ते वाळूत जागच्या जागी उभे राहिले. जवळ आले तेव्हा चेहरा उतरला होता. हळू आवाजात विचारलं, "कंपनीत नाव लिहून देलं काय तू?"

मी नाही म्हटल्यावर त्यांनी मोठा श्वास सोडला आणि चटईच्या कोपऱ्यावर बसले. किल्ला कसा होता, मी विचारलं. त्यांनी चपला काढून पुढे उतारावर वाळूत ठेवल्या, मोजे घडी करून खिशात घातले, मग म्हणाले, "बारा मिनिटांत झाला. 'चला' म्हननारं कोनीच नव्हतं."

मला त्यांची फार दया आली, हे मी त्यांना सांगितलं नाही. चंद्र समजावून सांगितला. वाळूत पृथ्वी काढली, पाणी दोन्हीकडून फुगवलं. पलीकडच्या बाजूला पाणी का फुगते, हा प्रश्न त्यांनी विचारला, जो तीस वर्षांत एकाही विद्यार्थ्यानं विचारला नव्हता. मी उत्तर देत असताना पाणी त्यांच्या चपलांपर्यंत आलं. मी पाहत होते. सांगितलं नाही. प्रात्यक्षिकाशिवाय भूगोल कळत नाही. डावी चप्पल आम्ही धावत जाऊन पकडली, उजवी गेली ती गेली.

अनवाणी येऊन बसल्यावर त्यांनी खिशातून कार्यक्रम काढला. निळ्या पेनानं वर 'सुधारित' असं लिहिलं. खाली सगळं खोडलं, किल्ला, मंदिर, काजूचा कारखाना, आणि सुबक अक्षरात एकच ओळ लिहिली. 'सकाळी ७.१० ते दुपारी १.१५, श्रीमती इंदिरा, राखीव.' कागद माझ्या हातात दिला आणि समुद्राकडे बघत बसले. माझे डोळे भरून आले. खाऱ्या वाऱ्यावर ढकलायची सोय होती, म्हणून बरं.

सव्वा वाजता पाणी सुरूच्या मुळांपासून चार हातांवर येऊन थांबलं. माझ्या काटक्यांतली एकही दिसत नव्हती. मी फोन काढून आधी कैलासला लावला. बाजाराचा गलका ऐकू येत होता. घोळवत बसले तर धीर सुटेल म्हणून एका दमात सांगून टाकलं, "कैलास, सातवीत मी तुले खोटं सांगतलं होतं. तवा मी काईच पाह्यलं नव्हतं. आज पाह्यलं. आता पाहून राह्यली."

पलीकडे त्यानं एका गिऱ्हाइकाला थांबायला सांगितलं. मला वाटलं, गेली आपली सांभाराची जुडी, आणि तिच्याबरोबर बाकीचंही.

"मॅडम," तो शेवटी म्हणाला, "म्हंजे तवा माह्यं तिसरं कारण चुकीचंच होतं. तुम्ही मार्क बरोबर कापला होता. मी इतके वर्स उगाच मनात राग धरून राह्यलो."

 इतकी वर्षं सांभार जास्तीचा टाकत होता हा मुलगा, मनात राग धरून.

"नाई रे," मी म्हणाले, "मीच चुकली. तो मार्क मी आज देते तुले. अंकिताले घेऊन ये, तिच्यासमोर देते."

"येतो ना. पन मॅडम, तिनं विचारलं तर किती वेळ पाह्यलं म्हनू?"

"सहा तास पाच मिनिटं."

फोन ठेवला तर हे माझ्याकडेच बघत होते. सगळं ऐकलं होतं त्यांनी. शर्टाच्या खिशात निळ्या पेनाच्या मागे त्यांचं लाल पेन असतं, साहेबांच्या दुरुस्त्यांसाठीचं. ते काढून माझ्यापुढे धरलं. म्हणाले, तोंडी आदेशाला अर्थ नसतो. मी सुधारित कार्यक्रम उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं, 'कैलास दौलतराव, इयत्ता सातवी ब, भूगोल, कारण क्रमांक तीन बरोबर. अधिक एक.' खाली सही केली, तारीख टाकली.

मग हर्षाला फोन करून काटकी बुडाल्याचं कळवलं. ह्यांनी घड्याळ काढून खिशात ठेवलं होतं, आणि आता इथून पुढे काय, असं मलाच विचारत होते.